दोष द्यायच्या आधी दोष शोधा : घरचं केबल इंटरनेट वारंवार का तुटतं?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणाले, ‘यावर व्याख्यान काय द्यायचं? केबलवाल्याला फोन लावायचा आणि मोकळं व्हायचं!’ फोन लावाच. पण फोनवर नेमकं काय सांगायचं, हाच आजचा विषय आहे.

एका घरातली गोष्ट सांगतो. माझ्या वहिनी डोंबिवलीत राहतात, दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. त्यांचं इंटरनेट जुन्या केबल टीव्हीच्या जाड काळ्या वायरीवरून, म्हणजे कोअ‍ॅक्सियल केबलवरून येतं. एका पावसाळ्यात ते इतकं तुटायला लागलं की प्रमेय अर्ध्यावर असताना वहिनी पडद्यावर गोठायच्या. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. वहिनींनी राउटर बदलला, मग आणखी महागाचा आणला. केबलवाल्याचा मुलगा तीनदा येऊन गेला. तो आला की नेट चालू असायचं. ‘ताई, आमच्याकडून सगळं ओके आहे,’ म्हणायचा आणि जायचा. शेवटी वहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, पैसे गेले ते गेले, आता मुलंही चालली.’

मी विचारलं, ‘वहिनी, होतं काय नक्की?’ त्या म्हणाल्या, ‘नेट जातं.’

इथेच पहिली अडचण आहे. ‘नेट जातं’ म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं झालं. बरं वाटत नाही हे खरंच, पण ताप आहे की पोट दुखतंय?

आधी लक्षण ओळखा

इंटरनेटच्या तक्रारीचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात. एक, ते अडखळतं : दोन-चार सेकंद आवाज तुटतो आणि पुन्हा सुरू होतं. दोन, ते मरतं : पूर्ण बंद पडतं आणि परत यायला काही मिनिटं लागतात. तीन, ते मंदावतं : चालू असतं, पण गोगलगायीसारखं.

वहिनींना मी एक वही ठेवायला सांगितली. तारीख, वेळ, अडखळलं की मेलं, मॉडेमचे दिवे कसे होते आणि बाहेर पाऊस होता का, एवढंच लिहायचं. मॉडेमच्या दिव्यांकडे आपण कधी बघतच नाही. मॉडेमचा केबलच्या लाईनशी संपर्क असतो तेव्हा ‘ऑनलाइन’चा दिवा स्थिर असतो. तो लुकलुकायला लागला, की मॉडेमची लाईन सुटली आहे आणि तो ती पुन्हा पकडायची धडपड करतोय. दिवा स्थिर आहे आणि तरी तुमचं नेट गेलंय, तर आधी घरातल्या वाय-फायवर संशय घ्या.

बारा दिवसांनी वही बघितली. अडखळण्याच्या नोंदी जवळजवळ रोजच्या होत्या, आणि त्या वेळी दिवा स्थिर होता. मरण्याच्या नोंदी पाच होत्या. पाचही वेळा दिवा लुकलुकत होता, आणि पाचही पावसाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणजे हे दोन वेगळे आजार होते. एकावर औषध दिलं की दुसरा डोकं वर काढायचा, म्हणून काहीच लागू पडत नाही असं वाटत होतं.

मग वाटेचे तुकडे करा

तुमच्या लॅपटॉपपासून जगापर्यंतची वाट एकसंध नसते. लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा, मॉडेम ते केबलवाल्याचं केंद्र हा दुसरा, आणि तिथून पुढचं जग हा तिसरा. कुठला टप्पा तुटतो, ते ओळखायचं.

त्यासाठी एक जुनं आणि फुकटचं साधन आहे, पिंग. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरने ते १९८३च्या डिसेंबरमध्ये लिहिलं. पाणबुडीचं सोनार आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट बघतं, तसं पिंग एक छोटा निरोप पाठवतं आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतं. विंडोजमध्ये पिंग चार निरोप पाठवून थांबतं. पत्त्यानंतर एक जागा सोडून आडवी रेघ आणि ‘टी’ अक्षर टाकलं, तर ते तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं.

तीन खिडक्या उघडा. पहिलीत राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत केबल कंपनीचं पहिलं ठाणं. ‘ट्रेसरूट’ केलं की राउटरनंतर सहसा तेच दिसतं. ते पिंगला उत्तर देत नसेल तर त्याच्या पुढचं घ्या. तिसरीत बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता, जसा गूगलचा ८.८.८.८.

आता वाचायचं कसं? पहिल्या खिडकीतच उत्तरं गळत असतील, तर दोष घरात आहे, केबलवाल्याला उगाच बोल लावू नका. पहिली ठीक आणि दुसरी-तिसरी एकदम बंद, तर मॉडेम किंवा केबलची लाईन. पहिल्या दोन ठीक आणि फक्त तिसरी गळते, तर गडबड त्याच्याही पुढे.

वहिनींच्या पहिल्या खिडकीत कधी २ मिलिसेकंद, कधी ४००, तर कधी उत्तरच नाही. त्यांचा वर्ग चालायचा आतल्या खोलीत, आणि राउटर होता हॉलमध्ये, लोखंडी कपाटाच्या मागे! त्यातून तो चालायचा २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं संध्याकाळी त्या तिघांवर भांडतात. उपाय साधा होता. हॉलमधून आतल्या खोलीत लॅनची वायर टाकली आणि वर्गाचा लॅपटॉप तिला जोडला. अडखळणं त्याच दिवशी संपलं. दोन राउटरांचे पैसे मात्र वाया गेले होते.

लाईनची नाडी बघा

पण पाऊस आला की मरणं चालूच होतं. आता दुसरा टप्पा.

बऱ्याच केबल मॉडेममध्ये एक छोटं पान असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की ते उघडतं. (काही कंपन्या ते बंद ठेवतात, तेव्हा आलेल्या तंत्रज्ञाकडे आकडे मागा.) त्यातले तीन आकडे बघायचे.

पहिला, डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे केंद्राचा आवाज तुमच्या घरी किती जोरात पोहोचतो. उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही असेल तर निर्धास्त राहा. उणे १५ ते अधिक १५ ही मर्यादा आहे, पण कडेला उभं राहू नये. दुसरा, एसएनआर, म्हणजे गोंगाटापेक्षा बोलणं किती ठळक आहे. तो साधारण ३३ डेसिबलच्या वर हवा. तिसरा, अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे तुमच्या मॉडेमला केंद्रापर्यंत पोहोचायला किती ओरडावं लागतं. इथे मोठा आकडा वाईट. ३५ ते ४८ बरा, ५०च्या पुढे म्हणजे मॉडेमचा घसा बसत आलाय. आणि त्याच पानावरच्या नोंदवहीत ‘टी-३ टाइमआउट’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मॉडेम हाक मारतोय आणि केंद्राकडून ओ येत नाही.

वहिनींकडे डाउनस्ट्रीम उणे ११, एसएनआर ३०, अपस्ट्रीम ५१. तिन्ही कडेवर! कोरड्या दिवशी कसंबसं चालायचं, पाऊस आला की कडेवरून खाली.

माळ्यावर चढून बघितलं तर टीव्हीच्या काळातला चार तोंडांचा स्प्लिटर. दोनच तोंडं वापरात. आता बघा, स्प्लिटर सिग्नल वाटतो, वाढवत नाही. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडाला सुमारे ७ डेसिबल जातात, म्हणजे हातात पाचवा हिस्सा उरतो. दोन तोंडांच्यात साडेतीनच जातात. तो बदलल्यावर डाउनस्ट्रीम उणे साडेसातवर आला आणि अपस्ट्रीम साडेसत्तेचाळीसवर. हिशोब चोख जुळला. पण एसएनआर हलला नाही. म्हणजे गोंगाट घराच्या बाहेरून येत होता.

पुढचं काम आमचं नव्हतं, आणि तुमचंही नाही. केबलवाल्याच्या मेन लाईनमधून अ‍ॅम्प्लिफायरसाठी वीजही जाते. त्या डब्यांना हात लावायचा नाही, पावसात गच्चीच्या कठड्यावर चढायचं नाही. घरातले कनेक्टर हाताने घट्ट करा, तेवढं पुरे.

वहिनींनी या वेळी तक्रार केली ती अशी : ‘पाऊस पडल्यावर मॉडेमचा ऑनलाइन दिवा जातो. या पाच तारखा, या वेळा. वायरने जोडून बघितलंय, राउटरपर्यंत उत्तर येतं, पुढे नाही. एसएनआर ३० आहे. गच्चीवरची जोडणी तपासा.’ तोच मुलगा आला, सरळ गच्चीवर गेला. कनेक्टर उघडा होता, आतली तार हिरवट पडलेली. वायर वरून उतरून थेट कनेक्टरमध्ये शिरत होती, त्यामुळे पाणीही तिच्यावरून ओघळत आत जायचं. त्याने वीतभर वायर कापली, नवा कनेक्टर लावला, आणि वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळातूनच ठिबकतं. एसएनआर ३६ झाला. जाताना म्हणाला, ‘ताई, आधीच असं सांगितलं असतं तर पहिल्याच खेपेला झालं असतं.’ वहिनींना राग आला, पण त्याचंही खोटं नव्हतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : नेट गेलं की मी लगेच मॉडेम बंद-चालू करतो. हे बरोबर का?*

करा, पण आधी दिवे बघा आणि वेळ लिहा. काही मॉडेममध्ये बंद-चालू केल्यावर नोंदवही पुसली जाते, म्हणजे पुरावाही जातो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. राउटर, वायर, स्प्लिटर सगळं एकदम बदललं, तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

*प्रश्न : आमच्याकडे रोज रात्री नऊ ते अकरा मंदावतं. आकडे चांगले आहेत.*

मग बहुधा गर्दी आहे. केबलच्या एका फांदीवरची सगळी घरं तीच क्षमता वाटून घेतात. वायर जोडून दुपारी आणि रात्री वेग मोजा, आठवडाभर लिहा. हे कनेक्टर बदलून सुटणार नाही, कंपनीनेच फांदीची विभागणी करायला हवी. शेजाऱ्यांच्याही नोंदी जोडा.

*प्रश्न : आमच्याकडे आता फायबर आहे. हे सगळं बाद का?*

आकडे बदलतात, रीत तीच. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच येत नाही. घरांत सर्रास असणाऱ्या जीपॉन उपकरणांना प्रकाशाची ताकद साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान लागते. उणे २६ आला, तर वायर कुठे दुमडली आहे का बघा.

*प्रश्न : एवढं करूनही कुणी ऐकलं नाही तर?*

तक्रारीचा डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीकडे दोन पायऱ्या असतात : आधी तक्रार केंद्र, तिथे निकाल लागला नाही तर अपील अधिकारी. अपिलात वहीची पानं आणि आकड्यांचे फोटो जोडा.

वहिनींचे वर्ग आता नीट चालू आहेत. गेलेल्या दोघांपैकी एक मुलगा परत आला. ती वही अजून मॉडेमशेजारी असते. परवा बघितलं तर शेवटची नोंद होती : ‘मुसळधार. दिवा स्थिर.’