देहांतील उष्णता सांगणारे प्रकाशकण

आमच्या मंठ्यास उन्हाळ्यांत पोर तापलें, कीं तें उन्हानें कीं ज्वरानें, हें घरांतील वडील बायका पाठीवर हात ठेवून ठरवितात. वैद्यशास्त्राच्या दर्शन, स्पर्शन व प्रश्न या तीन परीक्षांपैकीं उष्णतेची परीक्षा स्पर्शाकडेच. परंतु हात काय, कांखेंतला थर्मामीटर काय, कातडीखालीं दोन बोटांवर काय चाललें आहे तें त्यांस कळत नाहीं. कर्करोगाची गांठ 42 ते 45 अंशांच्या सुमारास तापविण्याचा एक उपचार आहे. तेथें उष्णता कमी पडली तर गांठ वांचते, अधिक झाली तर शेजारचें निरोगी मांस भाजतें.

सन 1800 मध्यें विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून पडलेल्या रंगांच्या तांबड्या कडेपलीकडे थर्मामीटर ठेविला. डोळ्यांस कांहीं दिसेना, तरी तो चढला. थर्मामीटरनें हुडकलेला तो अवरक्त प्रकाश आतां स्वतःच थर्मामीटर होऊं पाहत आहे! तळहातामागें विजेरी धरून पाहावी. बोटें लाल दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तमांसांत अडतो, तांबडा पार होतो, आणि तांबड्यालगतचा अवरक्त त्याहूनहि खोल जातो.

म्हणून निओडिमियमसारखें द्रव्य मिसळलेले, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढे स्फटिककण करितात. 808 नॅनोमीटरचा लेसर पडला कीं ते निकटच्याच अवरक्त रंगांत प्रकाशतात. त्यांतील अणूंस दुमजली वाड्यासारख्या दोन जवळच्या पायऱ्या असतात. उष्णता वाढेल तशी माडीवरची वस्ती वाढते, व माडीचा प्रकाश तळमजल्याच्या मानानें उजळतो. दोहोंचें गुणोत्तर तेवढें पाहावयाचें. कण थोडे कीं फार, यावर तें अवलंबून नाहीं. ही युक्ति आम्हांस फार सुंदर वाटते.

अडचण मात्र खरी आहे. मांसांतून येतांना दोन रंग सारखे क्षीण होत नाहींत. गुणोत्तर बिघडतें आणि नसलेला ताप दिसतो. अशा वेळीं कांहीं संशोधक रंग सोडून, लेसर बंद केल्यावर कण विझावयास किती वेळ लागतो तो मोजतात. उष्णतेनें तो काळहि बदलतो.

प्रकाश देणाऱ्या या स्फुरक द्रव्यांची विद्या आपल्या प्रांतास परकी नाहीं. नागपूर विद्यापीठांत डॉ. संजय ढोबळे यांनीं तिच्यावर दीर्घकाळ काम केलें आहे. परंतु त्यांतील बराच भाग दिव्यांसाठीं. देहांतील तापमापनाचे प्रयोग जगभर मुख्यतः पेशींवर व उंदरांवर होत आले आहेत. काम संपल्यावर हे कण देहाबाहेर कसे व किती दिवसांत जातात, याचें उत्तर मिळाल्यावांचून ते रोग्यास टोंचूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.