मुक्काम हलवता येणारं घर

लांबच्या वाटेवर इथे घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. इथून लोकलने कल्याणच्या दिशेने निघालं की अंबरनाथनंतर उल्हासनगर येतं. तेही मुळात मुक्कामाचंच ठिकाण. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैन्याचा तळ उभारला गेला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असाच सांगतात.

या पट्ट्यात जो मुक्काम पडला तो वस्ती होऊन राहिला. निर्वासितांना दुसरा मार्ग नव्हता, मुंबईत घर न परवडणाऱ्यांनाही नव्हता. आता मात्र उल्हास नदीच्या काठी जी थोडी झाडी उरली आहे, तिला वेगळा पाहुणा हवा आहे. दोन दिवस राहून परत जाणारा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. जिथे राहण्याची सोय अपुरी आहे किंवा पक्कं बांधकाम करता येत नाही, तिथेही माणसाला निसर्गात राहता यावं, हा त्यामागचा विचार. धोरणात दोन गोष्टी येतात: झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेलं वाहन, आणि ते उभं करायची जागा, म्हणजे कॅरव्हॅन पार्क. सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन आपण पाहिलेली असते. कॅरव्हॅन तिच्याच जातीची, फक्त संसाराला बेतलेली.

हा संसार हिशेबावर चालतो. आधी वीज. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी, म्हणजे रात्रभर दिवे लागले तरी सकाळी गाडी सुरू होते. घराची बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची धरली तर तिच्यात १.८ युनिट वीज मावते. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिचं आयुष्य टिकावं म्हणून त्यातली निम्मीच वापरायची. २५ वॅटचा पंखा दहा तास फिरला की पाव युनिट गेलं. छोटा फ्रिज दिवसाकाठी साधारण अर्धं युनिट खातो. उरलेल्यात दिवे आणि मोबाइल. वातानुकूलन यंत्र मात्र ही बॅटरी तासाभरात रिकामी करील. एप्रिलमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वीजजोडणी नसेल तर करंजाची दाट सावली हीच खरी सोय.

मग पाणी. १०० लिटरची टाकी भरली की गाडीचं वजन १०० किलोने वाढतं, म्हणून टाकी हवी तेवढी मोठी करता येत नाही. घरी एका अंघोळीला बादलीभर, म्हणजे पंधरा-वीस लिटर पाणी लागतं. चौघांनी तशी अंघोळ केली की टाकीने तळ गाठलाच. कॅरव्हॅनमध्ये दोन दिवस राहिलेला माणूस घरी परतल्यावर नळ जपून सोडायला लागतो.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची, आणि उल्हासच्या काठी सर्वांत महत्त्वाची हीच. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी गाडीखालच्या एका टाकीत साठतं आणि शौचालयाचा मैला दुसऱ्या, बंद टाकीत. दोन्ही टाक्या ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. एरवी ही शिस्त झाली, इथे ती सक्तीची असायला हवी. बदलापूरच्या बॅरेज धरणावरून बदलापूर-अंबरनाथला पिण्याचं पाणी जातं. तिथून पुढे बारवी धरणातून सोडलेलं पाणी उल्हासातच येतं आणि एमआयडीसी ते जांभूळजवळ उचलते. उल्हासनगरची तहान एमआयडीसीच्याच पाण्यावर भागते. काठावर ओतलेली साबणाची बादली शेवटी कुणाच्या तरी माठाकडेच निघालेली असते. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर, १०६० सालचं, वालधुनीच्या काठी आहे. इतकं देखणं मंदिर ज्या नदीच्या काठी बांधावंसं वाटलं, तिचा आपण कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने नाला केला. उल्हासचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर कॅरव्हॅन पार्कसाठी नळाच्या आणि विजेच्या आधी सांडपाण्याची टाकी बांधावी.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते. कोकणातल्या बहुतेक नद्या चैत्रात आटतात, पण हिला पाणी असतं. भिवपुरीच्या टाटा जलविद्युत केंद्रात १९२२ पासून वीज तयार होते. तिथून सुटलेलं आंध्रा नदीवरच्या धरणाचं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. म्हणून भर उन्हाळ्यातही खंड्या वाहत्या पाण्यावर सूर मारतो, काठचे उंबर हिरवे राहतात आणि मागे चंदेरीचा सुळका उन्हात तळपत असतो.

पावसाळ्यात मात्र हा काठ नदीचा. २७ जुलै २०१९ ची पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. रुळांवर आगगाडी अडकते, तिथे काठावरच्या तंबूची काय कथा! चाकांवरच्या घराचा खरा गुण इथे दिसतो. ज्येष्ठात ढग भरून आले की ते निघून जातं. पूररेषेच्या आत त्याच्यासाठी एकही वीट रचावी लागत नाही, म्हणून पुराला अडवणारी भिंतही मागे राहत नाही.

हे शहाणपण बाहेरून आलेलं नाही. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सारं कुटुंब सोबत. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, कारण कळप उठून गेला की लेंड्यांचं खत मागे उरतं. पाऊस तोंडावर आला की धनगरांचा तांडा घाट चढू लागतो. चारा, पाणी आणि ऋतू पाहून राहायचं, आणि आलो तेव्हा होती त्यापेक्षा जमीन बरी करून जायचं.

कॅरव्हॅनला जमीन खतावता येणार नाही. पण सांडपाण्याची टाकी भरली तशी परत नेणं, करंजाच्या मुळांवर चाक न चढवणं, काठावर गाणी न वाजवणं आणि मृगाआधी उठणं, एवढं तिला नक्की जमेल. ज्या दिवशी उल्हासकाठचा एखादा शेतकरी कॅरव्हॅन निघताना मोकळ्या मनाने म्हणेल, ‘पुढच्या वर्षी परत या’, त्या दिवशी हे धोरण कागदावरून काठावर उतरलं असं मी समजेन.