मालवाहू गाडीतील जळका वास : कारणे व उपाय

फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. तेव्हापासून नाशिक व जुन्नर भागांतील काही शेतकरी आपला माल पिकअप गाडीतून मुंबईच्या उपनगरांत थेट विक्रीस नेतात. रात्री निघून पहाटे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीस पोचावयाचे असते. अशा वेळी वाटेत जळका वास आला, तर ‘पोचल्यावर पाहू’ म्हणून गाडी तशीच दामटण्याकडे कल असतो. माल नाशवंत आहे, हे खरे. परंतु घाटात ब्रेक निकामी झाले किंवा गाडी पेटली, तर मालाबरोबर माणसेही जातात. वास कशासारखा आहे आणि तो वाटेच्या कोणत्या टप्प्यावर आला, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्यास दोष बहुधा जागच्या जागी ओळखता येतो.

इगतपुरीहून कसारा घाट उतरताना, किंवा माळशेज घाटाच्या उतारावर, चाकांकडून उग्र, करपट वास आला तर तो ब्रेकचा समजावा. ३ टन वजनाची भरलेली गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा निर्माण होणारी उष्णता सुमारे २५ ते ३० लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेशी असते. चालकाने केवळ ब्रेकवर विसंबून घाट उतरल्यास ही जवळजवळ सर्व उष्णता ब्रेकच्या ड्रम व लायनिंगमध्ये साठते. लायनिंगची पकड कमी होते. त्यातच ब्रेक-तेल हवेतील ओलावा शोषून घेणारे असते. डॉट-३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरलेले तेल मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. म्हणून हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे. कोकणच्या पावसात चालणाऱ्या गाडीस तर त्यात सवलत नाही.

वास येताच खालच्या गिअरमध्ये वेग कमी करून रुंद जागी थांबावे. चाकांस दगडाची उटी लावावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी व निदान अर्धा तास चाके निवू द्यावीत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, ड्रम तडकतो. चाकाजवळ हाताची पाठ नेऊन, स्पर्श न करता, धग पाहावी. चारही चाके तापली असतील तर दोष उतरण्याच्या पद्धतीचा अथवा जादा भाराचा आहे. एकच चाक तापले असेल तर ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. अशी गाडी पुढे नेऊ नये. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही काटकसर नव्हे.

घाट संपला, ठाणे आले, आणि घोडबंदर मार्गावर गायमुखचा चढ चढताना अथवा मुलुंड ते घाटकोपर लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कोंडीत वास आला, तर तो क्लचचा असण्याचा संभव अधिक. हाही वास ब्रेकसारखाच करपट असतो, मात्र चाकांकडून न येता पायाखालून येतो. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलून धरल्याने क्लचप्लेट घासून जळते. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, ही त्याची खूण. थोडा वेळ थांबून प्लेट निवू द्यावी व पुढील गाडी चार हात सरकल्यावरच आपली हलवावी. क्लचच्या पेडलला मोकळी चाल उरली आहे की नाही, हे कारागिराकडून तपासून घ्यावे.

काकवीसारखा गोडसर वास व काट्याचा चढता पारा ही रेडिएटरमधील शीतक गळत असल्याची लक्षणे होत. इंजिन बंद करावे. झाकण गरम असता उघडू नये. तव्यावर तेल करपावे तसा वास आल्यास सायलेन्सरच्या नळीवर इंजिन-तेल ठिबकत आहे काय, ते पाहावे. रबर जळाल्याचा वास व किंचाळल्यासारखा आवाज पट्टा घसरल्याचा असतो. सीएनजीवरील गाडीत सडल्यासारखा वास आला तर ती वायूची गळती होय. वायूची झडप बंद करून सर्वांनी दूर व्हावे.

सर्वांत घातकी वास प्लॅस्टिक जळाल्याचा. सायलेन्सरला पिशवी चिकटूनही तो येतो. ते न आढळल्यास दोष तारांचा समजावा. शेतघराशी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर तारा कुरतडतात. अशा वेळी इंजिन व दिवे बंद करावेत आणि ज्वाळा नसतील तर बॅटरीची ऋण तार सोडवावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा बसविण्याची प्रथा आपल्याकडे फार आहे. ती गाडी पेटविण्याची हमखास रीत होय. बॉनेटमधून धूर निघू लागला तर ते पूर्ण उघडू नये, कारण वाऱ्याने आग भडकते. माणसे उतरवून दूर न्यावीत व ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावे.

काही गावांत हुलग्याचे काड रस्त्यावर पसरून वाहनांकडून मळून घेतात. हे काड गाडीखाली गुंडाळले जाऊन तप्त नळीशी पेटते. तशा रस्त्यावरून आल्यास थोड्या अंतरावर थांबून गाडीखाली वाकून पाहावे. एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. ती काजळी जाळून स्वतःस स्वच्छ करीत असता तप्त वास येतो व नळी अतिशय तापते. तो दोष नव्हे, परंतु अशी गाडी कडब्याच्या गंजीजवळ अगर वाळल्या गवतावर उभी करू नये.