एक ताट कमी झाल्यावर

घरात कोणी गेले की काही दिवस चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. बेंगळूरुच्या मल्लेश्वरममधील मराठी घरात ही रीत पाळली जाते तेव्हा पिठल्याच्या जोडीला वरच्या मजल्यावरून सारू-भात येतो, समोरच्या घरातून दहीभात येतो. जेवणारे मोजके, जेवणाची इच्छा कोणालाच नाही, आणि फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यांवर डबे. तेराव्यानंतर पाहुणे परततात, रोजचा स्वयंपाक सुरू होतो आणि रोज काही ना काही उरू लागते. अन्नाच्या नासाडीविषयीचे आणि दुःखाविषयीचे गैरसमज या स्वयंपाकघरात एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून ते एकत्रच तपासावे लागतात.

गैरसमज: अन्न वाया जाते ते निष्काळजीपणामुळे. नीटनेटका संसार करणाऱ्यांकडे असे होत नाही.

हा समज पटतो, कारण नासाडी म्हटले की डोळ्यांसमोर लग्नाची पंगत येते, हॉटेल येते, पैसेवाल्यांचे घर येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल वेगळे सांगतो. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांतून गेले. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीचा फरक माणशी वर्षाला जेमतेम ७ किलो आहे. भारतासाठीचा अंदाज माणशी ५५ किलोंच्या आसपास आहे; त्यात साली-देठांसारखे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत.

आता चाळीस वर्षे दोघांचा स्वयंपाक केलेल्या बाईंचा हात पाहावा. तांदळाच्या डब्यात वाटी बुडते, काठोकाठ भरते, बोटाने सपाट होते, कुकरच्या भांड्यात रिकामी होते. मन दुसरीकडेच असते आणि दुसरी वाटी तोवर भरलेली असते. मोजण्याचे काम डोक्याकडून हाताकडे कधीच गेलेले असते, आणि हाताची सवय एका महिन्यात मोडत नाही. शिवाय एकच वाटी घ्यायची म्हणजे जे घडले ते रोज सकाळी नव्याने कबूल करायचे. ते टाळण्यासाठीही जास्तीचा भात शिजतो. याला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणूनच येथे निर्धारापेक्षा भांडे बदलण्याचा उपयोग होतो. डब्यातली वाटी काढून लहान वाटी ठेवावी, पाच लिटरचा कुकर माळ्यावर टाकून दोन लिटरचा वापरात आणावा. एट्थ क्रॉसच्या बाजारातली पालेभाजीची जुडी एकट्याला जास्त होत असेल, तर ती शेजारणीबरोबर वाटून घ्यावी.

गैरसमज: शिळे अन्न म्हणजे विषच. आणि खायचेच असेल, तर कडक फोडणी दिली की काहीही चालते.

ही दोन टोके एकाच घरात सुखाने नांदतात. पहिले टोक फ्रिज नसलेल्या काळातल्या अनुभवातून आले आणि त्या काळापुरते ते शहाणपणाचेच होते. दुसरे धोक्याचे आहे. तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि काही प्रकार असे विष तयार करतात, जे पुन्हा उकळले तरी नष्ट होत नाही. फोडणीने वास झाकला जातो, विष तसेच राहते. बेंगळूरुची हवा येथे हमखास फसवते. रात्री गारवा असतो, म्हणून भात सकाळपर्यंत टिकेल असे वाटते. पण वीस अंशांच्या गारव्यात हे जिवाणू आरामात वाढतात. उरलेला भात ताटात पसरून निववावा, दोन तासांच्या आत झाकून पाच अंशांच्या खाली फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगल्या वाफा येईपर्यंत एकदाच गरम करून संपवावा. असा शिळा भात खाण्यात काही वावगे नाही. पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख चव आणि दर्जाबद्दल असते, ती उलटली म्हणून पाकीट लगेच फेकू नये. ‘युज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची तारीख मात्र ओलांडू नये.

गैरसमज: गाईला घातले, किंवा खतात टाकले, म्हणजे वाया गेले नाही.

गोग्रासाचा एक घास ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि त्याने गाईचे काही बिघडत नाही. डबाभर भात आणि पोळ्यांची चळत ही वेगळी बाब आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम इतके पिष्टमय अन्न गेले की आम्ल वाढते. जनावर आजारी पडते, मरूही शकते. पिशवीसकट ठेवलेल्या अन्नातून प्लास्टिक पोटात जाते ते निराळेच. खताचे म्हणाल तर ओला कचरा वेगळा करणे आवश्यकच आहे. शहराचा कचरा सोसून थकलेल्या गावकऱ्यांच्या विरोधामुळे मावळ्ळीपुरची कचराभूमी २०१२ मध्ये आणि मंडूरची २०१४ मध्ये बंद झाली, हे बेंगळूरुकरांनी विसरू नये. पण एक किलो तांदूळ पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते आणि खताच्या टोपलीतून ते परत मिळत नाही. खत सालींचे आणि देठांचे व्हावे.

गैरसमज: दुःखाच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. जी रडली नाही आणि लगेच कामाला लागली, तिने दुःख आत कोंडले.

पाच पायऱ्यांची कल्पना एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ मधल्या पुस्तकातून आली. त्यांनी बोलते केले होते ते स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांना; मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर चिकटवल्या गेल्या. कल्पना लोकप्रिय होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. सगळे विस्कटलेले असताना कोणी क्रम सांगितला तर आधार वाटतो. मात्र असा ठरावीक क्रम संशोधनात आढळत नाही. जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासांनी दाखवले, की बरीच माणसे मोठ्या आघातानंतरही रोजचे व्यवहार सांभाळू शकतात, आणि डोळ्यांत पाणी न येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र घरातल्या अनुभवाशी अधिक जुळते. माणूस दुःख आणि व्यवहार यांच्यात सतत ये-जा करतो. सकाळी गॅसचा नंबर लावणे, बँकेत वारसाचे कागद देणे, आणि संध्याकाळी चहाचे दोन कप काढून थबकणे, हे सगळे एकाच दिवसात होते आणि ते निरोगी आहे. “लगेच स्वयंपाकाला कशी लागली?” असे कुजबुजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. स्वयंपाकाला लागणे हा त्या बाईचा सावरण्याचा मार्ग असू शकतो.

गैरसमज: गेलेल्याच्या हातचे लोणचे जपून ठेवणे म्हणजे भूतकाळात अडकणे.

दुःखातून बाहेर यायचे तर नाते तोडावे लागते, असे मानसशास्त्रातही बराच काळ मानले जाई. १९९६ नंतर, डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांच्या मांडणीमुळे, नाते वेगळ्या रूपात चालू राहणे स्वाभाविक मानले जाऊ लागले. बरणी खुशाल ठेवावी. चमचा कोरडा असावा, फोडी तेलाखाली असाव्यात. बुरशी आली तर मात्र वरचा थर काढून खालचे खाऊ नये. पूर्ण बरणी टाकावी लागते. म्हणून मीठ-मोहरीचे प्रमाण ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे.

गैरसमज: काळ अनिश्चित असला की घर भरलेले असावे.

या समजाला इतिहास आहे. मल्लेश्वरमची आजची वस्ती झपाट्याने वाढली ती १८९८ च्या प्लेगनंतर, दाट पेठांतून घाबरून बाहेर पडलेल्या माणसांमुळे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीच भीती किराणा दुकानासमोर रांगेत उभी होती. डाळ, तांदूळ, पोहे, मेतकूट यांच्या बाबतीत साठा ठीकच.

अनिश्चितता माणसाबद्दलची असते तेव्हा मात्र फ्रिज भरतो. नवरा अतिदक्षता विभागात आहे, घरी केव्हा येईल सांगता येत नाही. म्हणून त्याच्या आवडीचे पनीर, दूध, शेवग्याच्या शेंगा आणून ठेवल्या जातात. संशोधक पॉलिन बॉस यांनी अशा स्थितीला धूसर वियोग मानले आहे. माणूस गेलेला नसतो आणि हाताशीही नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्याच्या घरातही हेच घडते. खरेदीमुळे काहीतरी हातात असल्याचे समाधान मिळते, ते खोटे नाही. पण त्या शेंगा नासून टाकायच्या दिवशी तेच समाधान बोचते. नाशवंत वस्तू एका दिवसापुरतीच आणावी. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नवरा घरी आल्यावरही आणता येते.

गैरसमज: दुःखात जेवण जात नाही, ते चालायचेच.

पहिले काही आठवडे भूक मंदावते, हे खरे. वयस्कर आणि मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. इन्सुलिन आणि काही गोळ्या जेवण गृहीत धरून दिलेल्या असतात. जेवण घटले आणि औषध तेवढेच राहिले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे ही त्याची चिन्हे “खचलेत बिचारे” म्हणून सोडून दिली जातात. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ आणि रोजचे जगणे अशक्य होणे टिकून राहिले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला प्रदीर्घ शोकविकार म्हटले आहे, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत मिळते. बेंगळूरुची निम्हान्स ही तिची शिखर संस्था आहे. साखरेच्या डॉक्टरांना मात्र पहिल्याच आठवड्यात फोन करावा आणि सांगावे, की जेवण निम्म्यावर आले आहे आणि गोळ्या पूर्वीइतक्याच चालू आहेत.