ढोराला दिलेलं इंजेक्शन

कंबर धरली, गुडघा कुरकुरला, दाढ ठणकली की आपल्याकडे व्होव्हेरानची गोळी घेतली जाते. तिच्यात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक साधारण 50 मिलिग्रॅम असतं. माणूस ती गोळी चहाबरोबर घेतो आणि कामाला लागतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला मात्र या औषधाचं एक मिलिग्रॅमही जड जातं. शरीराच्या दर किलोमागे एक ते दोन दशांश मिलिग्रॅम पोटात गेलं तरी ते मरण्याची शक्यता निम्मी असते, आणि पक्षी भरतो जेमतेम चार-पाच किलो. म्हणजे आपल्या एका गोळीतलं औषध पन्नासेक गिधाडांना धोक्यात घालायला पुरतं.

गिधाडाला गोळी द्यायला अर्थातच कुणी गेलं नव्हतं. औषध दिलं गेलं ते गाईला, बैलाला, म्हशीला. तेही माया म्हणून. जनावर लंगडतंय, कासेला सूज आहे, ताप उतरत नाही, तेव्हा डॉक्टर येतो, सुई टोचतो आणि संध्याकाळपर्यंत जनावर वैरणीला तोंड लावतं. 1990 च्या दशकाच्या मध्याला हे औषध जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं आणि गावोगाव पोचलं. बरी झालेली जनावरं गोठ्यात राहिली, त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न उद्भवला तो सुई टोचूनही दोन-तीन दिवसांत दगावलेल्या जनावरांचा.

मेलेल्या जनावराचं पुढे काय होई, हे आता शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. ढोर पडलं की ते ओढून गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेलं जाई. कातडं सोललं जाई, मांस गिधाडं फस्त करत आणि उरलेली हाडं खतासाठी गोळा करणारे नेत. यातलं ओढण्याचं आणि सोलण्याचं काम जातिव्यवस्थेनं काही माणसांच्या माथी मारलं होतं, आणि ते नाकारणं हा बाबासाहेबांच्या चळवळीचा एक महत्त्वाचा भाग होता. त्यामुळे जुन्या गावगाड्यातली ही व्यवस्था किती सुंदर होती, असले उसासे टाकण्याचं कारण नाही. पण तिच्यातला एक कामकरी खरोखर फुकट आणि आपखुशीनं काम करत होता, तो म्हणजे गिधाड. मोठा थवा उतरला की तासाभरात बैलाचा सांगाडा उरे. गिधाडाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. गिधाड ते मांस खाऊन रोगाचा रस्ताच बंद करून टाकतं.

या कामकऱ्यांची संख्याही अफाट होती. शिकारी पक्ष्यांच्या मोठ्या जातींपैकी पांढऱ्या पाठीचं गिधाड हे बहुधा जगात सर्वाधिक संख्येनं असलेलं, असं 1980 च्या दशकात लिहिलं जाई. विमानतळांभोवतीची गिधाडं विमानांना धडकतात म्हणून त्यांचा बंदोबस्त कसा करावा, यावर तेव्हा आपल्याकडे अभ्यास होत होता. ज्याची गर्दी डोईजड वाटते त्याची मोजदाद ठेवण्याचं कुणाच्या मनात येत नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र ती झाली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी तिथे 1980 च्या दशकात साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. 1996 मध्ये ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा निम्मीही उरली नव्हती. झाडांखाली मेलेले पक्षी पडले होते, आणखी काही फांद्यांवर लटकत होते. पुढच्या काही वर्षांत तिथली घरटी संपली. देशभर रस्त्यांच्या कडेनं गणना झाली तेव्हा कळलं की हे भरतपूरपुरतं नाही. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे एक उरलं. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांत शंभरामागे तीन उरली.

सुरुवातीला संशय होता तो एखाद्या विषाणूचा. साथ असावी असंच सगळं दिसत होतं. कोडं सुटलं ते पाकिस्तानातल्या पंजाबात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुरोगतज्ज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी 2000 पासून तिथली मेलेली गिधाडं तपासत होते. 259 पक्ष्यांपैकी 85 टक्क्यांच्या यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर होता. तो होता युरिक आम्लाचा. आपण शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो, तर पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. मूत्रपिंड बंद पडलं की हे आम्ल रक्तात साचतं आणि त्याचे स्फटिक अवयवांवर बसतात. थोडक्यात, पक्षी मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. पण कशानं? विषाणू मिळेना, जिवाणू मिळेना, कीटकनाशक नाही, जड धातू नाहीत.

तेव्हा ओक्स यांच्या गटानं प्रश्न उलटा केला. गिधाड खातं काय? ढोरं. मग ढोरांना देतात काय? ते पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत गेले. अलीकडे खप वाढलेलं, मूत्रपिंडाला बाधणारं आणि पोटातून रक्तात उतरणारं औषध कोणतं, असा त्यांचा शोध होता. यादीत उरलं एकच नाव. पांढरा थर असलेल्या 25 गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक शोधलं, तर पंचवीसच्या पंचवीसांत सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या 13 पक्ष्यांपैकी एकातही नव्हतं. 2004 साली ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला. इतकं स्वच्छ उत्तर पर्यावरणाच्या प्रश्नांत क्वचितच मिळतं.

तरी मनात एक शंका राहते. मेलेल्या ढोरांपैकी इतक्या थोड्यांना शेवटच्या दिवसांत हे इंजेक्शन दिलेलं असणार. तेवढ्यानं अख्खी जात कशी संपेल? केंब्रिजच्या ऱ्हिस ग्रीन यांनी गणित मांडलं, आणि ते वाचकालाही करून बघता येईल. गिधाड साधारण तीन दिवसांनी एकदा पोटभर जेवतं. म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आसपास जेवणं. समजा, दोनशे ढोरांत एकच विषारी आहे. एका जेवणाचा धोका अर्धा टक्का, किरकोळच. पण सव्वाशे वेळा हा फासा टाकायचा तर वर्ष संपेपर्यंत शंभरातली पंचेचाळीसेक गिधाडं गेलेली असतात. प्रत्यक्षात संख्या घटत होती तीही जवळपास याच वेगानं. शिवाय एका ढोरावर एक गिधाड बसत नाही, थवा बसतो. भरपाईचा वेग किती, तर मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात.

गिधाडं गेली तरी ढोरं मरायची थांबली नाहीत. ती गावाबाहेर सडू लागली, ओढ्या-नाल्यांत टाकली जाऊ लागली आणि कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्रं काही सगळं संपवत नाही, उलट आयत्या अन्नावर त्याची प्रजा वाढते. त्या काळात देशात भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे 55 लाखांनी वाढली आणि रेबीजनं 47 हजारांवर जादा माणसं दगावली असावीत, असा अंदाज 2008 च्या एका अभ्यासानं दिला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये आणखी पुढचं मोजलं. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे ती कधीच फारशी नव्हती ते जिल्हे, यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. औषध बाजारात येईपर्यंत दोन्हीकडचे आकडे सारख्याच चालीनं चालले होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतला मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. संख्याशास्त्रानं काढलेला हा अंदाज आहे, दारोदार जाऊन केलेली नोंद नव्हे. आकड्यात काही कमीजास्त धरलं, तरी एका वेदनाशामकाची ही किंमत ऐकून वाचक दचकायला हवा. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजानं मृतदेह गिधाडांच्या हवाली करण्याच्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी गिधाडांऐवजी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले, तेही याच साखळीतलं.

इथवरची चूक मी क्षम्य मानतो. औषध गाईला चालतं का, हे तपासलं गेलं होतं. गाईला खाणाऱ्याला चालतं का, हे विचारायची पद्धतच नव्हती. अंदाजानं सांगता येण्यासारखंही ते नव्हतं. अमेरिकेतलं टर्की व्हल्चर हेही मढ्यावरच जगणारं, पण ते शंभरपटीहून अधिक डायक्लोफिनॅक पचवतं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

राग येतो तो पुढच्या वर्षांचा. 2006 मध्ये मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना बाधत नाही हे सिद्ध झालं आणि त्याच वर्षी भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीचं औषध मात्र राहिलं, ते राहायलाच हवं होतं. माणसाला एका वेळी 3 मिलिलिटरचं इंजेक्शन पुरतं. मग दुकानांत 30 मिलिलिटरच्या बाटल्या कुणासाठी होत्या? एवढी मोठी दुखणी माणसाला होत नाहीत. लेबलवर माणूस आणि सुईखाली म्हैस, हा खेळ उघड्यावर चालला. माणसांसाठीची बाटली 3 मिलिलिटरचीच हवी, हा नियम व्हायला 2015 उजाडलं. बंदी आल्यानंतरची ही नऊ वर्षं आहेत.

डायक्लोफिनॅकची भावंडं तर होतीच. ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात जाऊन चक्क डायक्लोफिनॅकच बनतं. किटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झालं होतं. या दोन्हींवर जनावरांपुरती बंदी आली 2023 मध्ये. निमेसुलाइडचा क्रमांक त्यानंतर लागला. बेपर्वाईचा ठेका फक्त आपणच घेतलाय असंही नाही. भारतातलं सगळं छापून आल्यानंतर, 2013 मध्ये, युरोपातली सर्वाधिक गिधाडं ज्या देशात आहेत त्या स्पेननं जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली. 2020 मध्ये तिथे मेलेल्या एका काळ्या गिधाडाच्या पिल्लाच्या मृत्यूचं कारण तेच निघालं.

महाराष्ट्रात गिधाडं अजून आहेत, पण मोजक्या जागी. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची आहेत. तिथून फार दूर नसलेल्या इगतपुरीच्या टाकेदला जटायूचं तीर्थ आहे आणि भाविकांची रीघ आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती जपली आहे. काही ठिकाणी ‘गिधाड उपाहारगृहं’ चालतात, म्हणजे औषध न दिलेली मेलेली जनावरं तिथे आणून ठेवतात. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडं 2024 च्या सुरुवातीला ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. पण पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडलेलं गिधाड अभयारण्याची हद्द ओळखत नाही. एका दिवसात शंभर किलोमीटर जाऊन ते कुणाच्या तरी बांधावर पडलेल्या बैलावर उतरतं.

म्हणून जिथे गिधाडं सोडायची असतील त्या जागेभोवती शंभर किलोमीटरचा पट्टा आधी सुरक्षित करावा, असं ठरलं आहे. तो तपासण्याची पद्धत अगदी साधी आहे. कार्यकर्ते साध्या गिऱ्हाइकासारखे औषधाच्या दुकानांत जातात आणि विचारतात, ‘‘म्हशीचा पाय सुजलाय, काय देता?’’ दुकानदार फळीवरून मेलॉक्सिकॅम काढतो की दुसरं काही, याची नोंद होते, आणि त्या नोंदी बघून पिंजरा उघडायचा की नाही ते ठरतं.