पेढी आणि वाडा : स्टाऊरहेडची कथा

पेढीच्या मिळकतीतून उभा राहिलेला वाडा पेढी अडचणीत आली तरी टिकावा, यासाठी काय करावे? व्यापारी घराण्यांना हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील स्टाऊरहेड या वास्तूच्या इतिहासात त्याचे एक उत्तर सापडते.

रिचर्ड होअर यांनी १६७२ मध्ये लंडनला सराफी पेढी काढली. पुढे तिचीच बँक झाली. त्यांचे पुत्र हेन्री यांनी १७१७ मध्ये स्टाऊरहेडची जमीन विकत घेतली. तेथील जुना वाडा पाडून, कोलेन कॅम्पबेल या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार त्यांनी नवे घर बांधले. सोळाव्या शतकातील इटालियन स्थपती पल्लाडिओ यांच्या शैलीचे हे घर प्रमाणबद्ध आणि संयत आहे.

त्यांच्या मुलाचेही नाव हेन्रीच. त्यांनी दरीत बांध घालून तलाव निर्माण केला आणि काठावर फ्लोरा व अपोलो यांची मंदिरे, तसेच रोममधील पँथिऑनच्या धर्तीची घुमटाकार वास्तू उभारली. तलावाभोवतीच्या वाटेवर एकेक वास्तू वृक्षराजीतून हळूहळू नजरेस पडते.

मात्र त्यांचा सर्वांत दूरदर्शी निर्णय दगडाविटांचा नव्हता. १७८३ मध्ये त्यांनी स्टाऊरहेड आपल्या मुलीचा मुलगा रिचर्ड कोल्ट होअर यांच्या स्वाधीन केले. अट एकच, त्यांनी बँकेतून पूर्णपणे बाहेर पडावे. व्यवसायातील जोखमीची झळ वास्तूला लागू नये, हा त्यामागचा हेतू. इतिहास-संशोधनात रमलेल्या नातवाने घराच्या दोन बाजूंना ग्रंथालय आणि चित्रदालन जोडले.

संकटे तरीही आली. शेतीच्या मंदीमुळे १८८३ मध्ये कित्येक चित्रे व ग्रंथ विकावे लागले. १९०२ च्या आगीत घराचा मधला भाग जळाला. दोन्ही दालने मात्र वाचली, आणि मधला भाग पुन्हा बांधण्यात आला. पुढे सर हेन्री होअर यांचा एकुलता एक मुलगा १९१७ मध्ये महायुद्धातील जखमांनी मृत्यू पावला. वारस उरला नाही, तेव्हा त्यांनी १९४६ मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या संस्थेला अर्पण केली. २५ मार्च १९४७ रोजी ते आणि त्यांच्या पत्नी एकाच दिवशी निवर्तले.

होअर घराण्याची बँक आजही लंडनमध्ये त्याच कुटुंबाकडे आहे, आणि स्टाऊरहेडचे उद्यान सर्वांना खुले आहे. १७८३ मध्ये झालेली ती वाटणी दोघांनाही तारून गेली.