मलबार पॉइंटवरचे राजभवन

मलबार टेकडीचे दक्षिण टोक समुद्रात घुसते तिथे सुमारे 50 एकरांच्या आवारात महाराष्ट्राच्या राज्यपालांचे निवासस्थान आहे. तिन्ही बाजूंना पाणी, मध्ये दाट झाडी, मोकळे फिरणारे मोर. राजवाडा म्हणावा अशी एकच भव्य वास्तू मात्र इथे नाही. उतारावर बसके बंगले विखुरले आहेत आणि त्यांची नावेही पाण्याचीच: जलभूषण, जलविहार, जललक्षण, जलचिंतन.

या टोकाची ख्याती गव्हर्नरांपेक्षा जुनी. इथल्या खडकातली फट ‘श्रीगुंडी’ म्हणून ओळखली जाई. तिच्यातून पार झाल्यास पाप झडते, अशी श्रद्धा होती. मुंबईत आश्रयाला असताना राघोबादादाही तिच्यातून गेल्याचे सांगतात. आवारात देवीचे देऊळ आजही आहे.

ब्रिटिश काळात गव्हर्नरांचे मुख्य निवासस्थान आधी परळला होते. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि त्यांच्यामागून आलेले माल्कम यांनी टेकडीवर बंगले उभारले, तरी परळ सुटले नव्हते. 1882 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी परळच्या त्या वास्तूत पटकीने दगावल्या. त्यानंतर काही वर्षांतच बिऱ्हाड कायमचे समुद्राकाठी हलले. परळची वास्तू 1899 मध्ये डॉ. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला मिळाली. आजची हाफकिन संस्था तीच.

गालिचे, झुंबरे, कोरीव दरवाजे, तैलचित्रे हा ऐवज इथे आहेच, पण तसा तो बहुतेक राजभवनांत सापडतो. या वास्तूचे वेगळेपण इथे घडलेल्या प्रसंगांत आहे. 30 एप्रिल 1960 च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेची घोषणा इथेच केली. 2019 मधला फडणवीस आणि अजित पवार यांचा ‘पहाटेचा शपथविधी’ही इथलाच. जुन्या दरबार हॉलच्या जागी नवा, साडेसातशे आसनांचा हॉल 2022 मध्ये उभा राहिला.

सर्वांत मोठा ठेवा मात्र जमिनीखाली निघाला. आवारात भुयार असल्याची कुजबुज होती. ऑगस्ट 2016 मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांच्या कारकिर्दीत भुयाराचे तोंड बुजवणारी भिंत फोडली, तेव्हा ब्रिटिशकालीन तळघर हाती लागले. लहानमोठ्या 13 खोल्या, उंच दरवाजा, तोफगोळे आणि काडतुसे ठेवण्याच्या कोठारांवर इंग्रजी पाट्या. हवा खेळण्याची आणि पाणी वाहून जाण्याची सोयसुद्धा शाबूत होती. 2019 मध्ये राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते त्याचे संग्रहालय झाले आणि 14 जून 2022 रोजी तिथेच ‘क्रांतिगाथा’ हे क्रांतिकारकांवरचे दालन उघडले.

वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा आणि 1946 चे नौदलाचे बंड यांच्या पंक्तीला त्यात वासुदेव बळवंत गोगटेही आहेत. गोगटे यांनी 1931 मध्ये हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. गव्हर्नरांच्याच आवारातल्या कोठारात त्यांच्यावर गोळी झाडणाऱ्याचा गौरव व्हावा, हा इतिहासाने उगवलेला सूडच म्हणायचा.

राजभवन पाहायचे तर ऑनलाइन नोंदणी आधी हवी. सोबत ओळखपत्र लागते. फेरी गटाने आणि कर्मचाऱ्यांच्या सोबतीने होते. राज्यपालांच्या खासगी दालनांत प्रवेश नाही, आणि शासकीय समारंभ असल्यास फेऱ्या रद्द होऊ शकतात. पालघर, बोईसर, पाम अशा लांबच्या भागांतून रेल्वेने येणाऱ्या मंडळींना ग्रँट रोड किंवा चर्नी रोड स्थानकाहून पुढे बस वा टॅक्सी सोयीची. त्यांचा इथला सूर्योदय गाठायचा बेत असेल, तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा लागेल.